लागला नव्हता

पुणे,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

पत्र बघून घाबरू नका, सगळे बरे आहोत. रोज रात्री फोन होतो, तरी हे कागदावर लिहितोय. फोनवर आपल्या घरातली सगळी एकदम बोलतात, आणि ‘जेवलात का’, ‘पाऊस आहे का’ यातच बोलणं संपतं. शिवाय बाबा, तुमच्या पलीकडून येणाऱ्या ‘हं... हं’पुढे मला हे सांगता आलं नसतं.

चिऊचा संघ उपान्त्य फेरीत हरला, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. कसा हरला ते मी सांगितलं नव्हतं.

आधी मैदानाचं सांगतो. आमच्या वेळी खो-खोच्या सामन्याला कडेला कोण असायचं? शाळेचा शिपाई आणि दोन म्हशी. आता तसं नाही. यंदा जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, आपल्या पोरांनी आणि पोरींनी दोन्ही अंतिम सामन्यांत नेपाळला हरवलं. मुलींनी तर ७८-४० असं. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. प्रियंकाचा फोटो चिऊच्या कपाटावर आहे. तेव्हापासून मैदानाच्या कडेला आईबापांची रांग लागते. छत्र्या, केळी, ग्लुकोज, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. पुढच्या फेरीला गेलं की दहावीला सवलतीचे गुण मिळतील का, सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण कुठल्या प्रमाणपत्रावर मिळतं, याचे हिशेब सुरू असतात. पोरगी सातवीत असते. हसू नका, त्या रांगेत मीही असतो. हिशेबही मला पाठ आहेत.

तर त्या दिवशी शेवटचा डाव, आमच्या मुली पळतीला. गुण बरोबरीत. शेवटच्या तुकडीतल्या दोघी बाद झालेल्या, चिऊ एकटी उरलेली, आणि घड्याळात चाळीसेक सेकंद. ती टिकली असती तर जादा डाव झाला असता. ती काय पळत होती म्हणून सांगू! एकेरी साखळीत, म्हणजे नागमोडी पळताना, पाटीवर बसलेल्या दोन मुलींच्या मधून अशी निसटायची की समोरच्यांचा खो द्यायचा ताल चुकायचा. मग ती खांबाकडे गेली आणि त्यांच्या एका काटकुळ्या पोरीनं तिच्यामागे सूर मारला. पोरगी तोंडावर पडली. जवळचा पंच खांबाच्या पलीकडच्या बाजूला होता. शिट्टी वाजली नाही.

चिऊ पुढे दोन पावलं गेली. थांबली. मागे वळून त्या पडलेल्या मुलीकडे बघितलं आणि सरळ मैदानाबाहेर चालू लागली.

आता यापुढचं आईला आवडणार नाही. मी ओरडलो. ‘शिट्टी कुठं वाजलीय? परत जा! पळ!’ असं सगळ्या मैदानाला ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडलो. पंचांवरही ओरडलो. तो बिचारा कुठल्यातरी शाळेतला खेळशिक्षक, सकाळपासून उन्हात उभा. त्यानं चिऊला विचारलं, ‘लागला का?’ तिनं मान हलवली. सामना संपला. त्यांच्या पोरी एकमेकींच्या अंगावर उड्या मारत होत्या आणि ती काटकुळी हनुवटीवरची माती पुसत रडत-हसत होती. चिऊनं स्वतःची पाण्याची बाटली तिला दिली. तेही तेव्हा मला झोंबलंच.

मग आम्ही शहाणे लोक पार्किंगमध्ये जमलो. एकानं चित्रण केलं होतं. ते हळू करून, मागे-पुढे करून सात-आठ वेळा बघितलं. हात लागल्याचं त्यात दिसत नाही. मी तो मोबाइल चिऊपुढे धरला. म्हटलं, बघ, लागलाच नाही तुला. ती म्हणाली, ‘बाबा, पाठ माझी आहे.’

गाडीत मी बोलत राहिलो. संघाचा विचार, बारा जणींची मेहनत, पंच कशाला असतात मग, वगैरे. ती खिडकीबाहेर बघत होती. शेवटी म्हणाली, ‘ती खाली पडल्यापडल्या म्हणाली, लागला ना गं? मी काय सांगायला हवं होतं?’ मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी आवाज चढवला. मग तिनं विचारलं, ‘तुम्ही लहानपणी खेळायचात. लागलेलं कधी लपवलंत?’

मी लगेच ‘नाही’ म्हटलं.

आणि ते खरंच आहे. लागलेलं मी कधीच लपवलं नाही. मी न लागलेलं लागला म्हणून सांगितलं होतं.

बाबा, १९९४. मी आठवीत. सांगलीतच जिल्ह्याची फेरी होती, समोर जतकडच्या एका शाळेची पोरं. तुम्ही ड्यूटीवर जाता जाता सायकल घेऊन मैदानाच्या त्या टोकाला दहा मिनिटं थांबला होतात, खाकी कपड्यांत. शेवटच्या मिनिटाला मी सूर मारला. त्या पोराच्या पाठीपासून माझा हात वीतभर लांब राहिला होता. वीतभर, बोटभर नाही. पडतानाच मी ‘लागला!’ म्हणून ओरडलो आणि उठलो तो हात वर करूनच. शिट्टी वाजली. तो पोरगा पंचांच्या मागे मागे जात होता, ‘नाही ओ सर, लागला नाही, आईशप्पथ.’ त्याला बाहेर काढलं. आम्ही एका गुणानं जिंकलो. मला पोरांनी खांद्यावर घेतलं तोवर तुमची सायकल गेलेली होती.

ती पोरं संध्याकाळच्या जत मुक्कामी गाडीनं परत गेली. कंडक्टर तुम्ही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही घरी आलात, पेटी आणि पैशांची कातडी पिशवी ठेवलीत आणि स्वयंपाकघरात आईला सांगत होतात. मी माडीच्या जिन्यात बसलो होतो. ‘पोरं गप होती सगळी. एक तेवढं कवठे-महांकाळपर्यंत रडत होतं. लागलाच नव्हता म्हणत होतं.’ आई, त्यावर तू म्हणालीस, ‘आपला बंड्या तसलं नाही करायचा.’ तू भाकरी थापत होतीस, त्या आवाजासकट मला हे वाक्य आठवतं.

संध्याकाळी बाबा, तुम्ही सायकलची चेन बसवता बसवता मला विचारलंत, ‘लागला होता का रे?’ मी ‘हो’ म्हटलं. तुम्ही ‘बरं’ म्हणालात आणि चेन बसवत राहिलात.

लागला नव्हता.

मैदानाच्या त्या टोकावरून तुम्हाला दिसलं होतं का, हे मला आजवर कळलेलं नाही. तुम्ही ना रागावलात, ना परत कधी विषय काढलात. मधल्या एकतीस वर्षांत मी नोकरीला लागलो, लग्न झालं, घर घेतलं, आणि तुमचं ते ‘बरं’ अधूनमधून ऐकू येतच राहिलं. तुम्ही कानाखाली वाजवली असती तर आठवड्यात विसरलो असतो.

गंमत म्हणजे तुम्ही ज्या सामन्याची गोष्ट मला लहानपणी शंभरदा सांगितलीत, त्यातही हाच शब्द आहे. फेब्रुवारी १९८०, वानखेडेवरची सुवर्णमहोत्सवी कसोटी. १५ तारखेला सामना सुरू झाला आणि १६ला सूर्यग्रहण म्हणून विश्रांतीचा दिवस. ताई आईच्या पोटात होती. आजीनं आईला आतल्या खोलीत कोंडून भाजीसुद्धा चिरू दिली नव्हती, हे आई रंगवून सांगायची. मग १७ तारखेला तुम्ही डेपोतल्या ट्रान्झिस्टरला कान लावून बसलेले. इंग्लंड ५ बाद ५८. बोथमच्या जोडीला टेलर आलेला. पंचांनी टेलरला झेलबाद दिलं, सगळा डेपो नाचला, आणि कर्णधार विश्वनाथनं त्याला परत बोलावलं. पुढे त्या दोघांनी १७१ धावा जोडल्या, बोथमनं शतक ठोकलं, वर सामन्यात तेरा बळी घेतले, आणि आपण दहा गडी राखून हरलो. तुमच्या डेपोतल्या लोकांनी विश्वनाथला काय काय शिव्या दिल्या त्यातल्या निम्म्या आईसमोर तुम्ही सांगायचा नाहीत. ‘मीपण दिल्या,’ हे मात्र प्रत्येक वेळी सांगायचात.

मी विचारायचो, मग बोलावलंच कशाला त्याला परत? तुम्ही म्हणायचात, ‘त्याला ठाऊक होतं ना, बॅटला लागला नव्हता.’ बस्स, एवढंच. त्यानं चांगलं केलं की चुकलं, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. आपण जिंकलो असतो तर हा सामना कुणाच्या एवढा लक्षात राहिला असता असंही तुम्ही म्हणाला नाहीत. ते लोक बोलतात आणि मला ते पटत नाही. हरलो ते हरलोच. विश्वनाथलाही जिंकायचंच असणार.

चिऊलाही जिंकायचं होतं. तिला हरल्याचं काही वाटलं नाही असं समजू नका. रात्री पांघरुणात तोंड घालून रडली. संघातल्या तिघी-चौघी तीन दिवस तिच्याशी बोलत नव्हत्या, एकीनं डबासुद्धा वेगळ्या बाकावर बसून खाल्ला. तिचे सर शाबासही म्हणाले नाहीत आणि रागावलेही नाहीत. सोमवारी सरावाला तिला खांबाजवळ वळताना पाठ कशी आत घ्यायची ते अर्धा तास शिकवत होते. मला ते बरं वाटलं. पुढच्या वेळी हात लागूच नये, यावर त्यांचा भर.

मी मात्र कडेला उभा राहून तिला ते करायला सांगत होतो जे मी स्वतः केलंय आणि ज्यानं मला अजून झोप नीट लागत नाही. शिव्या दिल्यासारखं ओरडत होतो, आणि तेही तेरा वर्षांच्या पोरींसमोर. पंचांना मी दुसऱ्या दिवशी फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, ‘अहो, रोजचंच आहे.’ चिऊला अजून मी तुमच्या त्या ‘बरं’ची गोष्ट सांगितलेली नाही. आधी तुम्हाला सांगायची होती.

आम्ही १८ला शनिवारी निघतोय, संध्याकाळपर्यंत पोचू. आई, तू फराळाला एकटी बसू नकोस, चकल्या आम्ही आल्यावर पाडू. गुडघ्याचं तेल आणतोय. आणि हॉलमधलं ते खो-खोचं प्रमाणपत्र तू दर दिवाळीला काढून पुसतेस, ते यंदा काढलंस तर परत लावू नकोस, मी आल्यावर बघू.

बाबा, रात्री जेवणं झाली की मी चिऊला जिन्यात घेऊन बसणार आहे. तुम्हीही या. विश्वनाथची गोष्ट तुम्ही सांगा, दुसरी मी सांगतो. तोवर एक आठवून ठेवा, जमलं तर. कवठे-महांकाळपर्यंत रडत होतं ते पोरगं. त्याचं तिकीट तुम्हीच फाडलं असणार. ते जतला उतरलं, का वाटेत कुठल्या फाट्यावर?

तुमचा,
बंड्या