पाण्याखालच्या नोंदींना वाली हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरला की मालवण, तारकर्ली, देवबाग, निवती इथल्या स्कूबा आणि स्नॉर्केलिंगच्या होड्या पुन्हा पाण्यात उतरतील. ऑक्टोबरपासून मेपर्यंत आमच्या गावची पोरे पर्यटकांना घेऊन सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडपांवर, म्हणजे पाण्याखालच्या खडकांवर, दिवसातून कितीतरी वेळा बुड्या मारतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर समुद्राचा तळ इतक्या सातत्याने पाहणारे दुसरे कोणी असेल असे मला वाटत नाही. पण ती जे पाहतात ते त्यांच्या डोक्यातच राहते. हंगाम सुरू होण्याआधी याबाबत काही हालचाल व्हावी, म्हणून हे पत्र.

मालवण सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झाले. सुमारे 29 चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र, आणि किल्ला व पद्मगडाभोवतीचा जेमतेम तीन चौरस किलोमीटरचा त्याचा गाभा. इथे जिवंत प्रवाळ आहेत हे ऐकून मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना आजही नवल वाटते. शास्त्रज्ञ येतात, सर्वेक्षण करतात, अहवाल लिहितात. त्या कामाचे मोल मोठेच आहे; पण दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळात खाली काय घडले, हे कोण सांगणार? एप्रिल 2024 मध्ये समुद्र तापल्याने जगभरातले प्रवाळ चौथ्यांदा मोठ्या प्रमाणावर पांढरे पडत, म्हणजे धोक्यात येत, असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. लक्षद्वीपमधून वाईट बातम्या आल्या. आपल्याकडे त्या मे महिन्यात काय झाले, असे मी इथल्या पोरांना विचारत असतो. कोणी म्हणतो थोडे पांढरे झाले होते, कोणी म्हणतो ते आधीच्या वर्षी. कोणी खोटे बोलत नाही. लिहिलेले नाही, एवढेच.

‘औंदा हेकरू दिसाक नाय,’ असे एक गाइड मला सहज म्हणाला; म्हणजे यंदा हेकरू हा खडपातला मासा दिसलाच नाही. माझ्या मते ही फार मोलाची माहिती आहे. समुद्रात काय दिसले याचे फोटो हजारोंनी निघतात. काय दिसले नाही याचा फोटो निघत नाही. ते कळण्यासाठी ठरलेल्या जागी, ठरलेल्या पद्धतीने, पुन्हा पुन्हा मोजावे लागते आणि मासा नसेल तर रकान्यात शून्य लिहावे लागते.

पद्धत अवघड नाही. ‘रीफ चेक’ ही संस्था 1990च्या दशकापासून जगभरातल्या हौशी पाणबुड्यांकडून हेच काम करून घेते. तळाशी शंभर मीटरची टेप अंथरायची. मासे बिथरलेले असतात, म्हणून थोडे थांबायचे. मग टेपच्या दोन्ही बाजूंना मिळून पाच मीटरच्या पट्ट्यात मोजक्या जातीच मोजायच्या: मोठे हेकरू, शेवंड, समुद्री काकडी अशा, ज्यांच्या संख्येवरून खडपाची प्रकृती कळते. टेपखाली दर अर्ध्या मीटरला काय आहे तेही लिहायचे, जिवंत प्रवाळ, मेलेला प्रवाळ, शेवाळ की वाळू. साधने म्हणाल तर प्लॅस्टिकची पाटी आणि पेन्सिल. टाकी न लावता वरून पोहणाऱ्यांसाठी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाचे ‘कोरलवॉच’ आहे. त्यात रंगछटांचे एक जलरोधक कार्ड असते. प्रवाळाला हात न लावता ते जवळ धरायचे आणि सर्वात फिकट व सर्वात गडद छटा टिपायची. त्याच प्रवाळाची छटा काही आठवड्यांनी उतरली की धोका ओळखावा. आमचे पाणी गढूळ असते, म्हणून प्रत्येक नोंदीसोबत त्या दिवशी किती मीटरपर्यंत दिसत होते हेही लिहावे लागेल.

हौशी माणसांच्या नोंदींवर विश्वास कसा ठेवायचा, असे विचारले जाते. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात 2007 साली ‘रीफ लाइफ सर्व्हे’ सुरू झाला. शास्त्रज्ञ आणि त्यांनी तयार केलेले स्वयंसेवक पाणबुडे एकाच पद्धतीने मोजतात. त्यांच्या नोंदींवर आधारलेला 87 सागरी संरक्षित क्षेत्रांचा अभ्यास 2014 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. मासेमारीला बंदी, कडक अंमलबजावणी, दहा वर्षांहून अधिक वय, मोठे क्षेत्र आणि भोवती खोल पाणी किंवा वाळू या पाचपैकी एक-दोनच गोष्टी जिथे होत्या, त्या जागा आणि मासेमारी चालणाऱ्या जागा यांत फरक दिसला नाही. अशा जागा निम्म्याहून जास्त होत्या. आमचे अभयारण्य वयाने मोठे आहे. बाकी चार बाबतींत ते कुठे आहे, हे मालवणच्या माणसाला सांगायला नको.

खरी अडचण वेगळीच आहे. अभयारण्य आमच्यावर लादले, ही सल मच्छीमारांच्या मनात आजही आहे. खाली काय आहे ते लिहून दिले तर उद्या तोच कागद दाखवून मासेमारी बंद करतील, अशी भीती वाटते. ही भीती उडवून लावू नये. म्हणून नोंदी आधी मच्छीमार सोसायट्यांसमोर याव्यात, मराठीत असाव्यात, माशांची नावे इथली असावीत आणि त्यांच्या आधारे कुठलाही निर्णय होण्यापूर्वी रापणकरांपासून ट्रॉलरवाल्यांपर्यंत सर्वांना बोलावले जावे. विश्वासाने काम होते याचे दाखले आपल्याकडेच आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला 2002 पासून गावकरी कासवांची घरटी राखतात आणि मोजतात. जाळ्यात सापडलेला देवमासा किंवा कासव सोडून देणाऱ्या मच्छीमाराला फाटलेल्या जाळ्याची भरपाई देण्याची योजना राज्याने 2018 मध्ये आणली. तिथे मच्छीमाराने काढलेला फोटो पुरावा म्हणून चालतो. मग खडपावर मोजलेले हेकरू का चालू नयेत?

आणि मोजायला लागले की आपलेही दोष दिसतील. गोल, डोंगरासारख्या प्रवाळावर होडीचा नांगर घासून गेल्याचा पांढरा ओरखडा मी पाहिला आहे. पुढे त्यावर शेवाळ धरले आणि ती जागा तशीच राहिली. पर्यटकांना मासे दिसावेत म्हणून पाण्यात ब्रेड आणि बिस्किटे टाकली जातात. जो दर आठवड्याला त्याच प्रवाळाची छटा लिहितो, तो त्यावर नांगर टाकू देणार नाही, असा माझा अनुभवावरचा विश्वास आहे.

यासाठी मोठा प्रकल्प नको. तारकर्लीच्या शासकीय स्कूबा केंद्रात गाइडना जे प्रशिक्षण मिळते, त्यात मोजणीचे दोन दिवस घालावेत. वनविभागाच्या कांदळवन कक्षाने पाच-सहा कायमच्या जागा ठरवून तिथे नांगराऐवजी होड्या बांधायला तरंगते बोया बसवावेत. मोजणीच्या दिवशी होडीचे डिझेल, भरलेली टाकी आणि पोरांचा बुडालेला रोज एवढे तरी द्यावे; हौसेने काम करणाऱ्याने स्वतःची चूल विझवावी अशी अपेक्षा नको. शहरांतले हौशी पाणबुडे स्वखर्चाने येतील, त्यांनी इथल्या पोरांच्या हाताखाली मोजावे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर पर्यटन होड्यांवरचे कर्मचारी ठरलेल्या जागांची दर आठवड्याला नोंद करतात. मालवणात ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पहिली टेप अंथरता येईल. संबंधित अधिकाऱ्यांनी त्याआधी सोसायट्यांची एक बैठक बोलवावी, ही आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती.

आपला,
एक वाचक, मालवण