शॉटक्रीट मारण्याआधी दोन दिवस द्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की घाटरस्त्यांवर सुटे दगड पाडणे, जाळ्या ठोकणे आणि कातळावर शॉटक्रीट, म्हणजे दाबाने फवारलेले काँक्रीट, मारणे या कामांना वेग येतो. प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न असल्याने ही कामे झालीच पाहिजेत. आमचे मागणे एवढेच, की नव्याने कापलेल्या कड्यावर सिमेंटचा थर चढण्याआधी कामाचे दोन दिवस भूविज्ञान आणि भूभौतिकीच्या एम.एस्सी., पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांना दगडमातीचे नमुने घेण्यासाठी मिळावेत. जाळीतूनही थोडेफार काम करता येते, शॉटक्रीटमधून काहीच करता येत नाही.

सह्याद्री लाव्हाचा आहे हे शाळेत शिकवतात. पण हा लाव्हा नेमका किती काळात आणि किती हप्त्यांत बाहेर पडला, यावर आजही जगभर भांडण चालू आहे. फेब्रुवारी २०१९मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एकाचे म्हणणे, लाव्हा चार मोठ्या झटक्यांत आला आणि त्यांतला एक झटका डायनासोरांच्या विनाशाच्या काही दहा हजार वर्षे आधीचा. दुसऱ्याचे म्हणणे, ओघ बराचसा सलग होता आणि सुमारे तीन-चतुर्थांश लाव्हा विनाशानंतर आला. पुरावा दोघांचाही आपल्या घाटांतलाच. थरांच्या जागतिक यादीत पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, खंडाळा, भीमाशंकर, इगतपुरी अशी नावे आहेत ती उगाच नाहीत. थरांची एकूण जाडी तीन किलोमीटरच्या आसपास भरते, पण एका जागी उभी अशी ती कुठेच दिसत नाही. एका घाटाचा माथा दुसऱ्या घाटाच्या पायथ्याशी जुळवत पूर्ण क्रम लावावा लागतो. त्यामुळे मधला एखादा कडा झाकला गेला, तर तेवढे पान कायमचे फाटते.

‘सह्याद्रीत कातळाला काय तोटा?’ असे कोणी विचारेल. कातळ भरपूर आहे, कामाचा कातळ कमी. लाव्हा थंड होताना त्यातल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजाच्या कणांत त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा गोठते, तीच मोजायची असते. पठारांच्या आणि गडांच्या माथ्यांवर हजारो वर्षे विजा पडत आल्या आहेत. वीज पडली की तो प्रचंड प्रवाह दगडाचे मूळ चुंबकत्व पुसून स्वतःचे लादतो. होकायंत्र कातळालगत हातभर सरकवले आणि काटा दहा-वीस अंश हलला, तर ती जागा सोडून द्यावी. खाली ओढ्यातला कातळ कुजलेला, भेगा-पोकळ्यांत झिओलाइट हे दुय्यम खनिज भरलेला असतो. नव्या रस्त्याच्या कापात मात्र माथ्यापासून खोल, ताजा, कठीण दगड एकदम उघडा पडतो. अट एकच, तो जागचा हललेला नसावा. सुरुंगाने सुटलेली आणि अर्धवट सरकलेली शिळा कड्याचाच भाग वाटते, पण तिची दिशा बदललेली असते. म्हणूनच विद्यार्थ्यांना सुटे दगड पाडून झाल्यानंतर आणि शॉटक्रीटच्या आधी जाऊ द्यावे असे आम्ही म्हणतो. सुरक्षिततेच्या दृष्टीनेही तीच वेळ बरी.

दोन दिवसांत होते काय, तेही सांगायला हवे, कारण अनेकांना वाटते की विद्यार्थी हातोडीने खडे फोडून नेतात. पेट्रोलवर चालणारे हातात धरायचे ड्रिल असते, त्याला एक इंची पोकळ हिऱ्याची बिट. फवारणीच्या पंपासारख्या डब्यातून दाबाने पाणी सोडत सात ते दहा सेंटिमीटर आत जायचे. बिटच्या पोकळीत दगडाची कांडी उरते, तोच गाभा. पाणी तुटले की बिट जळते, आणि जोर जास्त लावला की हिऱ्यांवर चकाकी येऊन ती कापेनाशी होते. मग गाभा मोडण्याआधी, तो भोकात जागेवर असतानाच, त्यावर खाच असलेली ॲल्युमिनियमची नळी सरकवून गाभ्याची दिशा आणि उतार हे दोन आकडे घ्यायचे, पितळी तारेने रेघ ओढायची आणि आत जाण्याच्या दिशेने बाण काढायचा. लोखंडी तार इथे चालत नाही. ड्रिल करतानाच गाभा आतून तुटून बिटबरोबर फिरला, तर तो टाकून द्यावा. ‘अंदाजे जुळवून’ ठेवलेल्या असल्या एका गाभ्याने अख्ख्या थराचे सरासरी उत्तर बिघडते. एका लाव्हाथरातून आठ ते दहा गाभे लागतात आणि तेही काही मीटर अंतरावर पसरून. एकाच शिळेतून दहा घेतले तर ते मोजमाप एकाच नमुन्याचे.

दिशा मोजताना सर्वांत जास्त घोटाळा होतो. घाटांतला काळा लाव्हाखडक, म्हणजे बेसॉल्ट, स्वतःच चुंबकीय असल्याने नुसत्या होकायंत्रावर भरवसा नसतो, म्हणून सूर्याच्या सावलीवरून दिशा काढतात. वेळ मिनिटापर्यंत अचूक लिहावी लागते. शिवाय आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचे. महाबळेश्वरला स्थानिक वेळ त्यापेक्षा सुमारे पस्तीस मिनिटे मागे असते, हे गणितात धरायचे राहून जाते. मे महिन्याच्या मध्यावर, शून्य सावलीच्या दिवसांत, दुपारी बारा ते एकच्या दरम्यान हे काम करूच नये. सूर्य डोक्यावर, सावली बोटभर, आणि काही मिनिटांत तिची दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडे उलटते. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दिवसभर दक्षिणेला कलता असतो, तेव्हा हीच मोजणी सोपी. पावसाळ्यात सूर्यच नाही. आता घाटातली कामे बहुतेक एप्रिल-मेमध्ये चालतात, म्हणजे नेमकी वाईट वेळ आमच्या वाट्याला येते. तेव्हा सकाळी दहाच्या आत आणि दुपारी तीननंतर मोजावे आणि मधल्या वेळात ड्रिल करून घ्यावे.

प्रयोगशाळेत गाभ्याचे सुमारे बावीस मिलिमीटर लांबीचे तुकडे कापतात. बाहेरचा झिजलेला तुकडा बाजूला. नंतर चढलेले चुंबकत्व पुसून मूळचे उघडे करण्यासाठी एकाच गाभ्याचा एक तुकडा टप्प्याटप्प्याने ५८० अंशांपर्यंत तापवायचा, कारण त्या तापमानाला मॅग्नेटाइटचे चुंबकत्व संपते. दुसऱ्यावर प्रत्यावर्ती, म्हणजे सतत उलटसुलट होणारे, चुंबकीय क्षेत्र शून्यापासून १०० मिलिटेस्लापर्यंत वाढवत न्यायचे. विजेचा संशय असेल तर हा दुसरा मार्ग अधिक उपयोगी. भट्टीत दर टप्प्याला तुकड्याची बाजू उलटी ठेवावी, म्हणजे भट्टीचेच उरलेले क्षेत्र दगडात शिरत असेल तर ते लगेच पकडता येते.

हाती येणारे उत्तर विलक्षण असते. घाटांतल्या बहुतेक थरांत चुंबकत्व आग्नेय-दक्षिणेकडे आणि सुमारे ४५ अंश खाली झुकलेले मिळते. झुकाव ४५ अंश म्हणजे गणिताने अक्षांश सुमारे सत्तावीस अंश, आणि तोही दक्षिण गोलार्धातला. ज्या कातळावर आज महाबळेश्वर उभे आहे तो थिजला तेव्हा विषुववृत्ताच्या पार खाली होता. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव त्या काळात उलटे होते हेही त्यातूनच कळते. डायनासोरांच्या विनाशाचा क्षण याच उलट्या कालखंडात येतो. महाबळेश्वरच्या वरच्या थरांत दिशा पालटून सुलट होते. आपल्या घाटाचे थर जगातल्या इतर खडकांशी जुळवायला हा पालट फार मोलाचा.

या विषयाची सुरुवातही विद्यार्थ्यांनीच केली आहे. १९५०च्या दशकाच्या आरंभी केंब्रिजमधल्या एडवर्ड आयर्विंग या संशोधक विद्यार्थ्याने दख्खनच्या बेसॉल्टचे मोजके नमुने मिळवले आणि भारत उत्तरेकडे सरकत आला असे त्यांवरून मांडले. भूखंड सरकतात हे तेव्हा फारसे कोणी मानत नव्हते. १९५४मध्ये त्याचा प्रबंध परीक्षकांनी स्वीकारला नाही, ती गोष्ट वेगळी.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, विटकरी पट्ट्यांचा. घाटात काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कुठे वीतभर, कुठे पुरुषभर जाडीचा तांबडा पट्टा दिसतो. त्याला रेड बोल म्हणतात. एक लाव्हाथर थिजल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये जो काळ गेला, त्याची ही माती. पुढे तिच्यावर तापता लाव्हा आला आणि ती भाजली गेली. या पट्ट्यांत कधी कधी दूरवरून उडून आलेल्या ज्वालामुखी राखेतले झिरकॉन या टिकाऊ खनिजाचे कण सापडतात. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या या कणांतल्या युरेनियम आणि शिशाच्या प्रमाणावरून ६ कोटी ६० लाख वर्षांमागचे वय काही दहा हजार वर्षांच्या फरकाने काढता येते. बेसॉल्टमध्ये झिरकॉन जवळजवळ नसतोच. २०१९च्या दोन निबंधांतल्या पहिल्याचा सारा डोलारा या तांबड्या मातीवर उभा आहे.

आणि शॉटक्रीट सर्वांत आधी मारले जाते ते इथेच. अभियंत्यांच्या बाजूने ते बरोबर आहे: पट्टा मऊ, त्यातून पाणी झिरपते, तो झिजून आत जातो आणि वरचा कातळ लोंबकळत राहून एक दिवस खाली येतो. म्हणून हा पट्टा उघडा ठेवा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. झाकण्याआधी त्यातली दहा-वीस किलो माती घेऊ द्या, एवढेच. बाहेरची पावसाने धुतलेली माती वीतभर खरवडून टाकायची आणि आतली घ्यायची. प्रत्येक पट्ट्यासाठी खुरपे धुऊन घ्यायचे आणि नवे पोते वापरायचे, कारण वरच्या पट्ट्यातला एक कण खालच्या पोत्यात गेला तरी वय खोटे येते. वरच्या आणि खालच्या लाव्हाथराची उंची व जागा लिहून ठेवायची. पुढे ती माती पाण्यात भिजवून बारीक गाळ वाहू द्यायचा, चुंबकाने काळे कण काढायचे आणि उरलेले जड द्रवात सोडायचे. झिरकॉन तळाशी बसतो. बऱ्याच पोत्यांतून काहीही निघत नाही. निघालेले कणही सगळे राखेचे नसतात, वाहून आलेल्या जुन्या खडकांतलेही असतात. त्यांतला सर्वांत तरुण गट विश्वासाचा. म्हणूनच एका घाटातून एक पोते नेऊन भागत नाही. जितके नवे काप, तितके पट्टे तपासून पाहावे लागतात.

दुसरी मागणी पेट्यांची आहे. बोगदे, धरणे, मेट्रो, पूल यांच्यासाठी जमिनीत भोके घेऊन काढलेले दगडी गाभे लाकडी किंवा पत्र्याच्या पेट्यांत ठेवतात, आणि काम संपले की त्या पेट्या गोदामाबाहेर पावसात पडतात. किल्लारीच्या १९९३च्या भूकंपानंतर तिथे घेतलेल्या ६१७ मीटरच्या भोकात बेसॉल्टची जाडी ३३८ मीटर निघाली. कोयनेत पहिल्या खोल भोकात ती ९३३ मीटर निघाली. ही माहिती असल्याच गाभ्यांतून आली. बोगद्यासाठी काढलेला सुमारे ५४ मिलिमीटर व्यासाचा गाभा उत्तर-दक्षिणेच्या हिशेबाने आंधळा असतो, कारण तो भोकात फिरतो. पण दख्खनच्या दगडात चुंबकत्व ४५ अंश खाली की ४५ अंश वर, एवढे कळले तरी थर उलट्या काळातला की सुलट्या, हे ठरते. त्यासाठी गाभ्याची वरची बाजू कोणती, हे माहीत असायलाच हवे. पेटी भरणाऱ्या कामगाराने एक तुकडा उलटा ठेवला की उलट्याचे सुलट झाले. शिवाय पोलादी नळीतून येताना गाभ्यावर खालच्या दिशेचे खोटे चुंबकत्व चढते, आणि आजचे पृथ्वीचे क्षेत्रही आपल्याकडे खालीच झुकलेले आहे. न तापवता मोजणाऱ्याला सगळेच थर उलट्या काळातले दिसतील. घाईत मोजणारे इथेच फसतात.

विद्यार्थ्यांनीही नियम पाळायला हवेत. हेल्मेट आणि चमकणारे जाकीट घातल्याशिवाय आणि खाली वाहनांवर लक्ष ठेवणारा माणूस उभा असल्याशिवाय घाटात ड्रिल लावू नये. सगळी भोके दगडाची भुकटी आणि सिमेंट भरून बुजवावीत. गडांच्या तटाखालचे कातळ, लेण्यांचे डोंगर आणि अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखे खांब यांना ड्रिल लावायचा हक्क कोणालाच नाही, मग प्रबंध कितीही मोठा असो.

सार्वजनिक बांधकाम विभाग, महामार्ग प्राधिकरण आणि विद्यापीठांचे भूविज्ञान विभाग यांनी ठरवले तर यात खर्च जवळजवळ शून्य आहे. कड्यावरचे काम सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी साखळी क्रमांकासह (रस्त्यावरची नेमकी जागा सांगणारा आकडा) एक ई-मेल विद्यापीठाला जावा. शॉटक्रीटआधी कड्याचे मोजपट्टी लावलेले छायाचित्र ठेकेदाराच्या नोंदवहीत असावे. आणि गाभ्यांच्या पेट्यांबाबत निविदेतच एक ओळ घालावी: प्रत्येक तुकड्यावर न पुसणाऱ्या शाईने वरच्या दिशेचा बाण आणि खोली लिहावी, आणि काम संपल्यावर पेट्या फेकण्याआधी जवळच्या विद्यापीठाला महिनाभराची सूचना द्यावी.

आपले,
पुराचुंबकत्वावर काम करणारे काही अध्यापक व संशोधक, पुणे