‘मोडं झालं’ म्हणाले आणि अकरा वर्षं गप्प बसले

संपादक साहेब, स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आत्मविश्वासावर लेख होता, रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ‘मी सक्षम आहे, मी कोणाला घाबरत नाही’ असं एकवीस वेळा म्हणायचं वगैरे. माझ्या धाकट्या जावेनं त्याचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली मलाच टॅग केलं, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी बडोद्याची. माहेर दांडिया बाजारात, सासर रावपुऱ्यात, म्हणजे पाठवणीची रिक्षा सुद्धा मीटर पडायच्या आत पोचली असेल. एकतीस वर्षं एका प्रायव्हेट ऑफिसात हिशेबाचं काम केलं, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. ऑफिसात सगळं गुजरातीत. ऑडिटवाले आले की साहेब मलाच पुढे करायचे, कारण मी कोणाचं ऐकून घ्यायची नाही, एकदा तर वसुलीसाठी आलेल्या माणसाला त्याच्याच वहीतली चूक दाखवून परत पाठवला होता. तर कॉन्फिडन्स नाही असं मला कोणी म्हणणार नाही. पण पुण्याहून नणंदेचा फोन आला की मी फोन नवऱ्याच्या हातात देऊन स्वयंपाकघरात जायची.

त्याचं कारण अगदी बारीक आहे. अकरा वर्षांपूर्वी पुण्यात भाच्याचं लग्न होतं. ट्रॅफिकमधून हॉलवर पोचलो तेव्हा मंगलाष्टकं संपत आली होती, मी धापा टाकत म्हटलं, सॉरी हं, आम्हाला मोडं झालं. आता आमच्याकडे उशीर झाला की मोडं झालं म्हणतात, गुजरातीतलं आहे पण आम्हाला ते लहानपणापासून मराठीच वाटतं. तिथल्या एक मावशी म्हणाल्या, ‘अगंबाई, काय मोडलं? पाय?’ आणि पंगतीपर्यंत तेच चाललं. मग माझी बारी (म्हणजे खिडकी), बटाका, शाक सगळं निघालं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, आहेर पण छान केला. पण परतीच्या ट्रेनमध्ये मी ठरवून टाकलं की आपलं मराठी हे चारचौघात बोलायचं मराठी नाही. पुढे कुठल्याही कार्यात गेले की हसायचं, ताटं उचलायची, आणि कोणी फार विचारलंच तर हिंदीत उत्तर द्यायचं. मराठी बाईला मराठी माणसाशी हिंदीत बोलताना बघून नवऱ्याला काय वाटायचं ते त्यालाच माहीत.

आरशाचा उपाय मी तेव्हाच करून पाहिला होता, कोणीतरी सांगितला म्हणून. ‘माझी भाषा चांगली आहे’ म्हणायची आणि लगेच मनात दुसरा आवाज यायचा, काय मोडलं, पाय? माझी मुलगी आपल्या एमएस युनिव्हर्सिटीत सायकॉलॉजीला आहे. तिने सांगितलं की कॅनडाच्या वॉटर्लू युनिव्हर्सिटीचा याच्यावर २००९ सालचा अभ्यास आहे, ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खाली आहे त्यांच्याकडून ‘मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे’ असलं वाक्य परत परत म्हणवून घेतलं तर त्यांना उलट आणखीनच वाईट वाटलं. मला हे ऐकून बरं वाटलं, म्हणजे माझ्या आरशातच काही बिघाड नव्हता. तिनेच बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं सांगितलं, १९७७ मध्ये त्यांनी मांडलं होतं की ‘हे मला जमेल’ हा भरवसा त्या त्या कामापुरता असतो आणि तो सगळ्यात जास्त येतो ते काम आधी थोडंफार करून दाखवल्याने, नुसत्या शाबासकीने तेवढा नाही. मी म्हटलं हे तर मला ऑफिसातच कळायला हवं होतं. गुजरातीत मी वाघीण आणि मराठीत मांजर, बाई तर तीच होती.

आणि आपण बडोद्याचे लोक, आपल्याला ही गोष्ट बाहेरून शिकायची गरजच काय. सयाजीराव महाराजांची कथा प्रत्येक घरात सांगतात, नाशिककडच्या कवळाण्याहून १८७५ मध्ये आणलेला बारा वर्षांचा गोपाळ, ‘इथे कशाला आलास’ विचारल्यावर म्हणाला ‘राज्य करायला’. व्वा. पण त्याला तेव्हा लिहिता वाचता येत नव्हतं, आणि लगेच कोणी राज्य हातात दिलं नाही, १८८१ च्या डिसेंबरात अधिकार मिळाले. मधली सहा वर्षं इलियट साहेब म्हणून इंग्रज शिक्षक होते त्यांच्याकडे शिक्षण, मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, सगळं शून्यापासून. ते उत्तर आपण सगळे पाठ करतो, या सहा वर्षांचं कोणी बोलत नाही.

तुमच्या लेखातलं एक वाक्य मात्र मला फार खटकलं, की ‘न्यूनगंड हा फक्त तुमच्या मनाने तयार केलेला असतो’. लेखक बडोद्याचे नसावेत. याच गावात १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर कोलंबियात शिकून नोकरीला आले होते, राहायला जागा कोणी देईना, पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले तर लोक काठ्या घेऊन आले. मग आपल्या कमाटीबागेत ते गाडीची वेळ होईपर्यंत बसले होते. त्यांच्या मनात कुठे कमी होतं? कमी गावात होतं. माझ्या ‘मोडं’ची त्याच्याशी काही तुलना नाही, असली तुलना करायची मला लाज वाटेल, पण सगळा दोष त्या माणसाच्या मनावर ढकलायचा ही पद्धत मला पटत नाही.

माझं काय झालं ते सांगते. मागच्या गणपतीत आमच्या पोळात (म्हणजे गल्लीत) मोदक स्पर्धेचा बक्षीस समारंभ होता आणि सेक्रेटरी काकांचा घसा बसला. त्यांनी कागद माझ्या हातात कोंबला, वहिनी तुम्ही वाचा. मी म्हटलं मला नाही फावणार, तोवर माईक तोंडासमोर. हात इतका थरथरत होता की कागदाचा आवाज माईकमध्ये येत होता. तिसऱ्या बक्षिसाचं नाव गाळलं, तो मुलगा पुढे येऊन ओरडला ‘आंटी, माझं राहिलं!’ तेव्हा सगळे हसले, मीही हसले. मग अध्यक्षांचं भाषण लांबलं आणि मी सरळ माईकवर म्हटलं, आता मोडं झालंय, आरती करून घेऊ. लोक टाळ्या वाजवून उठले. घरी येऊन निरांजन घासताना माझ्या लक्षात आलं की मी काय बोलले, आणि कोणाच्या काहीच लक्षात आलं नाही, कारण तिथे बसलेले सगळे तेच बोलतात.

दुसऱ्या दिवशी पुण्याचा फोन मी घेतला. अडखळले, दोनदा हिंदी आलं. आता घेते. नणंदबाई अजून मधूनमधून ‘काय मोडलं गं’ करतात, मी म्हणते पाय नाही, तुमचा नियम मोडला.

एक विनंती. हे पत्र छापायचं असेल तर छापा, जागा नसेल तर कापा, पण भाषा सुधारू नका. तुमच्या टेबलावर कोणीतरी ‘मोडं’ खोडून ‘उशीर’ करणार हे मला माहीत आहे. तेवढं राहू द्या.

– एक वाचक, रावपुरा, बडोदा