सायबर सुरक्षेची प्रयोगशाळा कधी देणार? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

मी दापोली तालुक्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर संगणकशास्त्र शिकवतो. गेल्या आठवड्यात माझ्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीच्या वडिलांचं खातं रिकामं झालं. मासेमारीबंदी उठायच्या तोंडावर डिझेल-बर्फासाठी राखलेले पैसे होते ते. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, आली, त्यांनी ती उघडली, मागेल ती परवानगी दिली आणि ओटीपी परस्पर चोरांकडे जाऊ लागले. मुलगी घरातच होती. सायबर सुरक्षेच्या पेपरात तिला उत्तम गुण आहेत. तरी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तातडीने फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, हे तिला त्या घाईत सुचलं नाही. बँक उघडायची वाट बघत ती रात्रभर बसून राहिली.

तिला अभ्यासाला दिलेल्या व्हिडिओंत हे सगळं होतं. हातून एकदाही करून घेतलेलं नव्हतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या टिपणात ४० टक्के ऑनलाइन, ६० टक्के वर्गात, असं मिश्र शिक्षण मांडलं होतं. २०२२ मध्ये आयोगाने सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रमही दिला. आमच्याकडे फक्त व्हिडिओंच्या लिंक पोचल्या. माझा त्यांना विरोध नाही. हर्णैहून एसटीने येणाऱ्या पोरीला व्याख्यान थांबवून थांबवून घरी ऐकता येतं, हे चांगलंच आहे. पण मग वर्गातला वेळ प्रात्यक्षिकाला हवा. आमच्या संगणकांना ४ जीबी रॅम आहे. हल्ला करणारा एक आणि झेलणारा एक, असे दोन आभासी संगणक (एकाच यंत्रात सॉफ्टवेअरने चालणारे) त्यावर लावले की यंत्र गोठतं. साध्या एचटीटीपीवरून, म्हणजे कुलूप नसलेल्या वेबसाइटवरून, पासवर्ड उघडा जातो, हे वायरशार्क या नेटवर्कवरची ये-जा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पोरांनी डोळ्यांनी बघायला हवं. मी ते फळ्यावर काढून दाखवतो.

नवी प्रयोगशाळा आणि पूर्णवेळ शिक्षकाची जागा आपण आमच्याच व्यासपीठावरून जाहीर केली होती. टाळ्या आम्ही मनापासून वाजवल्या होत्या. आज माझं गणपतीचं मानधन शिमग्याला मिळतं. लाइट गेली की टॉवर बंद पडतो, मग पोरांच्या शंकांना उत्तरं द्यायला मी पावसात सड्यावर रेंज शोधत फिरतो. प्राध्यापकपदाच्या नेट-सेट परीक्षा पास होऊनही पेट्रोलला आईच्या पेन्शनमधून पैसे घ्यावे लागतात, मंत्रिमहोदय. लाज वाटते.

२०२४ मध्ये देशातल्या लोकांचे २२,८४५ कोटी रुपये सायबर चोरांनी नेले, हा आकडा सरकारनेच संसदेत दिला. तेवढ्या पैशांत किती प्रयोगशाळा झाल्या असत्या? पण कोकणाने थांबायचं असतं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, सरकारं बदलली, खड्डे तेच. एसटी नाही, डॉक्टर नाही, शिक्षक नाही. पोरं मुंबईला जातात आणि तुम्ही सगळे मतं मागायला येता.

निदान १६ जीबीचे वीस संगणक, इन्व्हर्टर आणि शिक्षकाची एक कायम जागा द्या. आदेश कोणत्या तारखेला निघणार ते लेखी कळवा. ‘प्रस्ताव विचाराधीन’ असं उत्तर आता नको.

आपला,
तासिका तत्त्वावरचा एक प्राध्यापक
दापोली, जि. रत्नागिरी