रखडलेली मदत आणि विनाचर्चा मागण्या

महोदय,

युक्रेनच्या लष्करी मदतीवरून अमेरिकी काँग्रेसमध्ये झालेल्या वादाला निव्वळ पक्षीय भांडण म्हणणे मला अपुरे वाटते. अध्यक्ष बायडेन यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निधी मागितला, सिनेटने फेब्रुवारी २०२४ मध्ये विधेयक ७० विरुद्ध २९ मतांनी संमत केले. तरीही प्रतिनिधिगृहाचे सभापती माइक जॉन्सन यांनी एप्रिलपर्यंत मतदान होऊ दिले नाही आणि या रखडपट्टीतच तोफगोळ्यांच्या टंचाईने जेरीस आलेल्या युक्रेनी सैन्याला आवदिव्का हे पूर्व युक्रेनमधील शहर सोडावे लागले. हा विलंब अक्षम्य होता, असे माझे स्पष्ट मत आहे. मदत नाकारायचीच असेल, तर ती मतदानाने नाकारावी.

‘आपला पैसा परदेशी का?’ हा या मदतीच्या विरोधकांचा प्रश्न रास्त असला, तरी या निधीचा मोठा वाटा अमेरिकेतच खर्च होतो. १५५ मिलिमीटरच्या तोफगोळ्यांची कवचे पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटनच्या कारखान्यात घडवली जातात. अखेर २० एप्रिलला सुमारे ६१ अब्ज डॉलरचे विधेयक ३११ विरुद्ध ११२ मतांनी संमत झाले. ते ११२ सदस्य सभापतींच्याच रिपब्लिकन पक्षाचे होते, आणि प्रत्येकाचे मत नोंदले गेले.

आपल्याकडे मात्र २०१८ मध्ये संरक्षणासह सर्व मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे त्यांच्या खर्चाचे प्रस्ताव, लोकसभेने चर्चेविना संमत केल्या. मुंबईतील खासदारांनी निदान संरक्षण खात्याच्या मागण्यांवर दरवर्षी सभागृहात चर्चा व्हावी, असा आग्रह धरावा, ही विनंती.

– एक वाचक, दादर, मुंबई