दुपारी तापलेले पाणी: हीट पंपाच्या सवलतीसाठी मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री व ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय: पाणी तापवण्याच्या हीट पंपांसाठी राज्याची सवलत योजना

महोदय,
सविनय नमस्कार.

रोज पहाटे पाच ते आठ या वेळात राज्यातल्या घराघरांत एकच काम चाललेले असते, आंघोळीचे पाणी तापवण्याचे. कुठे गीझर, कुठे बादलीत सोडलेला रॉड, कुठे गॅस गीझर, तर कुठे अजूनही चूल आणि बंब. त्या वेळी सौर पॅनेलवर ऊन आलेले नसते, त्यामुळे गीझरला जाणारी वीज मुख्यतः कोळशाची असते. दुसरीकडे आपलेच सरकार मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून हजारो मेगावॉट सौर वीज उभी करत आहे आणि ती वीज येते दुपारी. घरातला जो वापर पहाटेवरून दुपारवर सहज नेता येतो तो पाणी तापवण्याचा, आणि हीट पंप वापरला तर तो हलवतानाच जवळपास एक तृतीयांशावर आणता येतो. या यंत्रासाठी राज्याने सवलत योजना आणावी, आणि ती कोणाला व कोणत्या अटींवर द्यावी याचा नीट विचार व्हावा, म्हणून हे पत्र.

हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तेच तत्त्व. वीज खर्च होते ती उष्णता इकडून तिकडे नेण्यापुरती. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायचे तर साध्या गीझरला साडेतीन युनिट लागतात. गीझर कोणत्याही कंपनीचा असो, त्याला किती तारे असोत, हा आकडा खाली येऊ शकत नाही. आपल्या हवेत चांगला हीट पंप हेच काम सव्वा युनिटाच्या आसपास करतो. युरोपात या यंत्राला गोठवणाऱ्या हवेतून उष्णता गोळा करावी लागते, तरी ते तिथे चालते. आपल्याकडे जानेवारीतही दुपारची हवा चांगली उबदार असते, आणि हवा जितकी उबदार तितके यंत्राचे काम हलके. म्हणून तो दुपारी चालवला तर पहाटेपेक्षाही कमी वीज लागते. जाड आवरणाच्या टाकीतले पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आंघोळीपुरते गरम राहते.

जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत मिळू लागली. निर्णय चांगला आहे. पण नवरा-बायको दोघे कामावर आणि मुले शाळेत असलेल्या घरात दुपारी चालवायचे काय? वॉशिंग मशीन आठवड्यातून तीन-चारदा, बाकी फ्रिज. दुपारी आपोआप सुरू होऊन आपोआप बंद होणारा हीट पंप हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या पॅनेलसाठी ७८,००० रुपये अनुदान मिळते. ते पॅनेल बसवलेल्या घरांतही दुपारची जास्तीची वीज ग्रिडमध्ये जाते आणि पहाटे गीझरसाठी ग्रिडमधूनच परत घेतली जाते. छतावरच्या विजेला अनुदान देताना त्या विजेच्या वापराचाही विचार एकत्र व्हायला हवा होता.

मग लोक हे यंत्र घेत का नाहीत? कारण किंमत. साधा गीझर दहा-बारा हजारांत येतो आणि घरगुती हीट पंप लाखाच्या आसपास जातो. रोज १०० लिटर पाणी तापवणाऱ्या कुटुंबाची वर्षाला साधारण ७०० युनिट वाचतील. रोजचे साडेतीन युनिट म्हणजे महिन्याला शंभरावर युनिट, आणि त्यांच्यामुळेच पुष्कळ घरे १०० युनिटांचा टप्पा ओलांडून महाग दरात जातात. वाचणारे युनिट हे बिलातले सगळ्यात महागडे युनिट असतात, हे खरे. तरीही वर्षाची बचत सात-आठ हजारांच्या पुढे जात नाही, आणि जास्तीचे पैसे फिटायला दहा-बारा वर्षे लागतात. यंत्राचे आयुष्यही साधारण तेवढेच. या हिशेबावर कोणत्या शिक्षकाने किंवा रिक्षाचालकाने हीट पंप घ्यावा?

म्हणूनच दुकानात यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाला तीस हजारांचा परतावा, अशी योजना करू नये असे मला कळकळीने वाटते. तिचा लाभ बंगलेवाल्यांना होईल. ज्याला लाख रुपये काढता येतात त्याला तीस हजार परत मिळतील, आणि ज्याच्याकडे लाख नाहीत तो बादलीत रॉडच टाकत राहील. त्या रॉडचा शॉक लागून आणि बंद न्हाणीघरात गॅस गीझरच्या विषारी वायूने माणसे दगावल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. सरकारी पैसा पहिल्यांदा तिथे पोहोचला पाहिजे जिथे एका यंत्रावर शेकडो माणसांचे पाणी तापेल.

यातले सर्वात पहिले नाव आश्रमशाळांचे आहे. नंदुरबार, धुळे, नाशिक, गडचिरोलीच्या डोंगरभागात डिसेंबर-जानेवारीत पहाटेची थंडी काय असते हे आपण जाणताच. तिथल्या वसतिगृहात सहा-सात वर्षांचे मूल घरापासून लांब राहते आणि सकाळी उठून आंघोळ करून वर्गात बसते. ३०० मुलांना प्रत्येकी १० लिटर गरम पाणी द्यायचे म्हणजे रोज ३,००० लिटर. ते ३० अंशांनी तापवायला साध्या हीटरला सुमारे १०५ युनिट लागतील, हीट पंपाला ३५ च्या आसपास. शाळेच्या छतावर सौर पॅनेल असेल तर दुपारच्या उन्हातच ही वीज निघेल. सौर बंबही उपयोगी आहेत, पण एकेका मुलामागे दहा लिटर पाणी सलग ढगाळ दिवसांतही द्यायचे असेल तर नुसत्या उन्हावर विसंबता येत नाही. आश्रमशाळा, समाजकल्याण वसतिगृहे, ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालये, विशेषतः त्यांचे प्रसूती कक्ष: राज्याने आधी स्वतःच्या या इमारतींत हीट पंप बसवावेत. बाळंतिणीला गरम पाणी नातेवाइकाने बाहेरच्या हॉटेलातून आणावे लागू नये. यासाठी कोणाचे मन वळवायचे नाही, ग्राहक सरकारच आहे.

सरकारने एकगठ्ठा खरेदी केली की किंमत कशी कोसळते हे आपण एलईडी दिव्यांत पाहिले. २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना खरेदी होणारा दिवा उजाला योजनेच्या मोठ्या निविदांमुळे २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला, आणि ग्राहकाला तो वीजबिलातून हप्त्यानेही घेता आला. हीट पंप इतका स्वस्त होणार नाही, त्यात कॉम्प्रेसर आहे, तांबे आहे. पण राज्याने काही हजार मोठ्या यंत्रांची एकत्र निविदा काढली, तर बाजार हलेल हे नक्की.

दुसरा लाभार्थी गृहनिर्माण सोसायट्या. उंच इमारतींना सौर पाण्याची सक्ती आहे, पण गच्ची एवढीशी आणि घरे शंभरावर. वरच्या मजल्यांना चांगले गरम पाणी मिळते, आणि खालच्यांनी नळ उघडला की आधी बादली-दीड बादली थंड पाणी सोडून द्यावे लागते. हिवाळ्यात शेवटी प्रत्येक घरात वेगळा गीझर लागतोच. मी सोसायटीच्या कार्यकारिणीवर काम केले आहे, आणि दर नोव्हेंबरमध्ये या एकाच तक्रारीवर सभा कशी तापते ते पाहिले आहे. आहे त्या सौर टाक्यांना सामायिक हीट पंप जोडला तर ऊन असेल तेव्हा ऊन आणि नसेल तेव्हा पंप असे चालते, शिवाय घरामागचा खर्च एकेकट्या यंत्रापेक्षा पुष्कळ खाली येतो. म्हाडाच्या, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या आणि चाळींच्या पुनर्विकासाच्या इमारतींत तर ही सोय नळाची पाइपलाइन टाकतानाच करावी. नंतर भिंती फोडायच्या आणि मग अनुदान मागायचे, यात कोणाचेच हित नाही.

सवलतीच्या अटींबद्दल इतर देशांनी पैसे मोजून शिकलेले धडे आपल्याला फुकट मिळत आहेत. ब्रिटनने गॅस बॉयलर काढून हीट पंप बसवणाऱ्यांचे अनुदान ऑक्टोबर २०२३ मध्ये ५,००० पौंडांवरून ७,५०० पौंडांवर नेले. पण तिथे विजेचा युनिट गॅसच्या युनिटाच्या सुमारे चौपट महाग आहे, त्यामुळे यंत्र स्वस्त पडूनही ते चालवताना फारसे वाचत नाही आणि लोक कचरतात. दुपारच्या दराची सवलत काही वर्षे कायम राहील, अशी हमी यंत्राच्या अनुदानाइतकीच महत्त्वाची ठरते ती यामुळेच. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये सवलत इतकी झाली की यंत्र जवळजवळ फुकट मिळू लागले. स्वस्तातली यंत्रे कशीबशी बसवून पैसे उचलणारे ठेकेदार निपजले, आणि ग्राहकाने स्वतः भरायची किमान रक्कम वाढवून २०० डॉलर करावी लागली. अमेरिकेत ३० टक्के आणि कमाल २,००० डॉलरची करसवलत होती, ती २०२५ अखेर बंद झाली. सवलत किती वर्षांची आणि दरवर्षी किती कमी होणार, हे पहिल्याच दिवशी जाहीर करावे म्हणजे कारखानदार आणि मिस्त्री दोघेही त्यावर भरवसा ठेवतील.

आपल्याकडेही अनुदानाची अर्धी रक्कम बसवल्यावर आणि उरलेली एक हिवाळा काढल्यावर, मीटरचे आकडे पाहून द्यावी. यंत्राला वेगळा मीटर आणि टायमर सक्तीचा असावा. एका युनिट विजेत सरासरी तीन युनिट उष्णता देत नसेल, तर त्या यंत्रावर जनतेचा पैसा खर्च करू नये. बोअरच्या जड पाण्यात, विशेषतः मराठवाड्यात, क्षार साचून यंत्र दोन वर्षांत मंदावते, तेव्हा पाच वर्षांची देखभाल निविदेतच हवी. आणि आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन-वातानुकूलनाचा अभ्यासक्रम आहेच, त्यात हीट पंपाची जोडणी आणि दुरुस्ती आणावी. तालुक्याला एक जाणकार मिस्त्री नसेल तर आश्रमशाळेतले यंत्र पहिल्या बिघाडानंतर गोणपाटाखाली जाईल.

पैशाचा प्रश्न रास्त आहे. वीज नियामक आयोगाचे मागणी-व्यवस्थापनाचे, म्हणजे ग्राहकांचा वीजवापर कमी करण्याचे किंवा सोयीच्या वेळेवर नेण्याचे, विनियम २०१० पासून आहेत. त्यांच्या आधारे मुंबईतल्या वीज कंपन्यांनी जुने एसी आणि पंखे बदलणाऱ्यांना सूट दिलेली आहे. महावितरणने याच मार्गाने हीट पंपाचा प्रस्ताव आयोगापुढे न्यावा. पहाटेची मागणी घटली तर महागड्या वेळची वीजखरेदी वाचते, आणि त्या बचतीतला वाटा सवलतीकडे वळवता येतो. सौर बंबावर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, हीट पंपावर मात्र साध्या गीझरइतकाच १८ टक्के. तिप्पट कार्यक्षम यंत्राला गीझरच्या रांगेत बसवण्याचे कारण नाही. जीएसटी परिषदेत ५ टक्क्यांचा प्रस्ताव महाराष्ट्राने मांडावा. पुणे महापालिका सौर यंत्रणा, गांडूळखत आणि पर्जन्यजल संधारणासाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सूट देते. त्या यादीत सोसायट्यांचे सामायिक हीट पंप यावेत आणि राज्यातल्या इतर महापालिकांनीही ती सूट द्यावी.

सगळे एकदम होणार नाही याची मला जाणीव आहे. येत्या हिवाळ्याआधी आदिवासी विकास विभाग आणि महाऊर्जा (अपारंपरिक ऊर्जेसाठीची राज्याची संस्था) यांना एकत्र बसवून थंडीच्या पट्ट्यातल्या आश्रमशाळांची निवड व्हावी, तिथल्या यंत्रांची निविदा निघावी आणि दर महिन्याचे विजेचे व पाण्याचे आकडे सर्वांना पाहता येतील असे जाहीर व्हावेत, एवढा आदेश आपण द्यावा ही विनंती. ऊर्जा खाते आपल्याकडे आहे आणि सर्व विभागांना एका टेबलाशी आणण्याचा अधिकारही आपलाच आहे.

आपला नम्र,
पुण्यातील एक वीजग्राहक