डोंगल हरवलेल्या फायली: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सा. न. वि. वि.

तालुक्याच्या गावी माझं डीटीपीचं दुकान आहे, पंचवीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात एका पतसंस्थेचे सचिव जुनी सीडी घेऊन आले. 2002 सालचे ठराव. फाईल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला. टायपिंग झालेलं त्या काळच्या एका विकतच्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये. ते डोंगलशिवाय, म्हणजे कॉम्प्युटरला लावायच्या परवान्याच्या किल्लीशिवाय, चालायचं नाही, डोंगल प्रिंटरच्या जुन्या पोर्टला लागायचं, आणि तसलं पोर्ट आता नव्या कॉम्प्युटरला नसतंच. शेवटी छापील प्रती समोर ठेवून सगळं पुन्हा टाइप केलं. दोन दिवस गेले.

सॉफ्टवेअर विकत घेतलं याचं दुःख नाही. मीही घेतो. पण ठराव पतसंस्थेचे आणि किल्ली विकणाऱ्याकडे, हा कुठला व्यवहार?

तेच ठराव आता युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला कळणाऱ्या अक्षरांच्या सामायिक संकेतात, 'मुक्ता' फॉन्टात लावलेत. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांनी तो मोकळ्या परवान्यावर, म्हणजे कुणीही वापरावा-बदलावा असा, दिलाय. 'लोहित देवनागरी' हा दुसरा फॉन्ट तसाच खुला केला रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीनं. रेड हॅट काही धर्मादाय संस्था नव्हे. कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचं मूळ लिखाण, खुला ठेवून ती देखभालीचे पैसे घेते, आणि अशा धंद्यासाठी आयबीएमनं 2019 मध्ये 34 अब्ज डॉलर मोजले.

कचेऱ्यांत मात्र ओपन सोर्स, म्हणजे असं खुल्या कोडचं सॉफ्टवेअर, म्हटलं की 'म्हणजे फुकट ना?' असंच विचारतात. पण देखभाल फुकट होत नाही. एक्सझेड नावाचं, लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीममधलं छोटं साधन एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. मदतीच्या मिषानं कुणीतरी आत शिरलं आणि चोरदरवाजा बसवून गेलं. 2024 मध्ये तो सापडला, कारण मायक्रोसॉफ्टमधल्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय ते खटकलं. थोडक्यात निभावलं.

निविदेत ओपन सोर्सचा विचार व्हावा, डावलायचं तर पुरवठादारानं कारण द्यावं, असं केंद्राचं 2015 चं धोरण सांगतं. राज्याच्या निविदांत आणखी दोन ओळी घाला. सरकारी पैशातून लिहून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड खात्याच्या ताब्यात राहील. आणि ते ज्या खुल्या साधनांवर उभं आहे, त्यांच्या देखभालीसाठी कंत्राटातली ठरावीक रक्कम राखून ठेवली जाईल. दुसऱ्या ओळीला वित्त विभाग नाक मुरडेल, ठाऊक आहे.

सचिव ती सीडी दुकानातच विसरून गेलेत. हवी असल्यास पाठवतो. मंत्रालयात कुणाला उघडते का बघा.

आपला,
एक डीटीपीवाला